स्टॉर्मच्या पंगतीत वर्कर कुठे बसतात? नव्यानं क्लस्टर हाती आलेल्यांसाठी

अपाची स्टॉर्मचं (सतत येणाऱ्या डेटावर अनेक मशीनवर मिळून प्रक्रिया करणारी प्रणाली) क्लस्टर माझ्याकडे वारसाहक्कानं आलं. आधीचा सहकारी नोकरी सोडून गेला आणि जाताना एका पानाचं टिपण ठेवून गेला. त्यातली शेवटची ओळ होती, 'लोड वाढला तर वर्कर वाढव.' मी इमानेइतबारे तेच करत राहिले. तीन वर्कर होते, सहा केले, सहाचे बारा केले. बारा झाल्यावर टोपॉलॉजी (म्हणजे स्टॉर्मवर चालणारा आपला प्रोग्रॅम) तीन वर्करवर चालायची त्यापेक्षा हळू चालायला लागली. तेव्हा कुठे मी शोधायला बसले की हा आकडा नेमका कुणाला दिला जातो आणि तो त्याचं काय करतो. त्या शोधात जे हाती लागलं ते इथे क्रमानं मांडते आहे.

नवीन प्रकल्पांत सध्या फ्लिंक या अशाच दुसऱ्या प्रणालीचं नाव जास्त ऐकू येतं, हे मान्य. स्टॉर्म नेथन मार्झ यांनी बॅकटाइप कंपनीत लिहिला, २०११ मध्ये ट्विटरनं ती कंपनी घेतली आणि त्याच वर्षी सोर्स खुला केला. २०१४ मध्ये तो अपाचीचा टॉप-लेव्हल प्रकल्प झाला. पुढे खुद्द ट्विटर हेरॉन या स्वतःच्याच नव्या प्रणालीकडे वळलं. तरी जुनी क्लस्टर चालू असतात आणि ती सांभाळायला बहुतेक वेळा टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला दिली जातात. त्यातून एक फायदा होतो: कुठलं काम कुठल्या मशीनवर बसलं हे स्टॉर्ममध्ये उघड्यावर दिसतं. इथे समजलं की फ्लिंकचे स्लॉट समजायला फार वेळ लागत नाही.

एक सूचना. सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये टिंब देऊन टाइप करायची.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- प्रत्येक नोडवरची 'स्टॉर्म.वायएएमएल' फाइल वाचण्याची परवानगी
- स्टॉर्म यूआयचा, म्हणजे ब्राउझरमध्ये क्लस्टरची स्थिती दाखवणाऱ्या पानांचा, पत्ता (पोर्ट बदलला नसेल तर ८०८०)
- प्रत्येक मशीनचे कोअर आणि रॅम, तुमच्या डोळ्यांनी तपासलेले. कुणीतरी तोंडी सांगितलेले नकोत
- नोड एकमेकांशी ६७०० ते ६७०३ या पोर्टवर बोलू शकतात याची खात्री
- काफ्कातून (संदेश रांगेत साठवणारी प्रणाली) वाचत असाल तर टॉपिकच्या, म्हणजे त्या रांगेच्या, पार्टिशनची (भागांची) संख्या
- सुपरवायझर नोडवर एसएसएच
- कागद आणि पेन. एक्सेल चालेल, पण पहिल्यांदा कागदच बरा.

१. चार शब्दांची गल्लत आधी सोडवा

क्लस्टरमध्ये एक निंबस असतो, तो कामं वाटतो. बाकी प्रत्येक मशीनवर एक सुपरवायझर असतो, तो निंबसनं सांगितलेले वर्कर सुरू आणि बंद करतो. दोघांचा निरोप झूकीपर या समन्वय ठेवणाऱ्या वेगळ्या सेवेमार्फत चालतो.

वर्कर म्हणजे एक आख्खी जेव्हीएम (जावा) प्रोसेस. ती एकाच टोपॉलॉजीची असते. दोन टोपॉलॉजी एका वर्करमध्ये कधीच राहत नाहीत. वर्करच्या आत एक्झिक्युटर असतात, म्हणजे थ्रेड. एक्झिक्युटरच्या आत टास्क असतात, म्हणजे तुमच्या स्पाउट (डेटा आत आणणारा घटक) किंवा बोल्टची (त्यावर काम करणारा घटक) एकेक प्रत. काही सांगितलं नाही तर एका एक्झिक्युटरला एक टास्क मिळतो.

सापळा: टास्कची संख्या टोपॉलॉजी सबमिट करताना ठरते आणि ती मारेपर्यंत तीच राहते. एक्झिक्युटर मात्र चालू असताना बदलता येतात, फक्त ते टास्कपेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. एखादा बोल्ट पुढे जड होणार असं वाटत असेल तर पहिल्याच दिवशी १२ एक्झिक्युटरना २४ टास्क देऊन ठेवा. नाहीतर पुढे हात बांधलेले असतात.

२. पाट मोजा

इथून पुढे मला पंगतीची उपमा लागणार आहे, कारण मला स्वतःला ती सुचली तेव्हाच हे प्रकरण कळलं. मशीन म्हणजे एक ओळ, स्लॉट म्हणजे त्या ओळीतला पाट, आणि वर्कर म्हणजे पाटावर बसणारा माणूस. एका पाटावर एकच.

'सुपरवायझर.स्लॉट्स.पोर्ट्स' या सेटिंगमध्ये जेवढे पोर्ट लिहिलेले, तेवढे त्या मशीनवर पाट. मूळ यादीत ६७००, ६७०१, ६७०२ आणि ६७०३ असे चार असतात. तीन मशीन असतील तर एकूण बारा. यूआयच्या पहिल्या पानावर एकूण, वापरातले आणि रिकामे स्लॉट दिसतात. तो आकडा तुमच्या हिशोबाशी जुळतो का बघा. जुळत नसेल तर एखादा सुपरवायझर तरी बंद आहे, नाहीतर एखाद्या नोडवरची फाइल वेगळी आहे.

पाट मांडले म्हणजे तेवढं जेवण शिजलंय असं नाही. स्लॉट ही नुसती पोर्टची यादी आहे. मशीनला तेवढी रॅम आहे की नाही, हे तिथे कुणी तपासत नाही. वर्करचा हीप (जेव्हीएमच्या आत डेटासाठी राखलेली मेमरी) मूळ सेटिंगमध्ये ७६८ एमबी असतो, म्हणजे चार वर्करना ३ जीबी, तोवर ठीक चालतं. मग कुणीतरी मेमरीची एरर बघून हीप ४ जीबी करतं. १६ जीबीच्या मशीनवर चार वर्कर गुणिले ४ जीबी, झाले १६. ऑपरेटिंग सिस्टिमला काय उरलं? सुपरवायझरला? शिवाय जेव्हीएम हीपच्या बाहेरही मेमरी घेते ती वेगळीच. लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) येऊन एक वर्कर मारतो, सुपरवायझर तो पुन्हा उठवतो, किलर पुन्हा मारतो. सुपरवायझरच्या लॉगमध्ये वर्कर मेला एवढंच दिसतं. खरं कारण कर्नलच्या लॉगमध्ये असतं, आणि तिथे बघायचं हे मला सुचायला दोन दिवस लागले.

म्हणून पोर्टची यादी रॅमवरून ठरवा: मशीनची रॅम, वजा सिस्टिमसाठी थोडी, भागिले एका वर्करची एकूण गरज. उत्तर दोन आलं तर यादीत दोनच पोर्ट ठेवा.

३. कागदावर हिशोब करा

उदाहरण घेऊ. बसगाड्यांकडून जीपीएसचे ठिपके काफ्कात येतात, टॉपिकला ६ पार्टिशन. स्पाउट ते वाचतो, पहिला बोल्ट ठिपक्याची फोड करतो, दुसरा तो कुठल्या मार्गावरचा हे जुळवतो (हे जड काम), तिसरा डेटाबेसमध्ये नोंद करतो. मशीन तीन, प्रत्येकी ८ कोअर.

स्पाउटला ६ एक्झिक्युटर. आठ दिले तर दोन रिकामे बसतील, कारण एका पार्टिशनला एकच वाचक. फोड ६, मार्गजुळवणी १२, नोंद ३. बेरीज २७. त्यात ॲकर धरायला नवखे हमखास विसरतात. प्रत्येक संदेश शेवटपर्यंत पोचला का यावर लक्ष ठेवणारे हे एक्झिक्युटर, वेगळं काही सांगितलं नसेल तर दर वर्करमागे एक. तीन वर्कर मागितले तर तीन ॲकर, एकूण ३०. प्रत्येक वर्करमध्ये १०.

आता मी केलेली चूक याच आकड्यांवर बघा. दोन एक्झिक्युटर एकाच वर्करमध्ये असतील तर संदेश मेमरीतूनच हातोहात जातो. वर्कर वेगळे असतील तर तो बाइट्समध्ये बांधायचा, सॉकेटवरून पाठवायचा आणि पलीकडे सोडायचा. दोन्ही वर्कर एकाच मशीनवर असले तरी हे चुकत नाही. शफल ग्रुपिंगमध्ये संदेश सगळ्या टास्कना सारखे वाटले जातात, म्हणून तीन वर्कर असताना साधारण एक तृतीयांश संदेश घरच्या घरी राहतात. बारा केल्यावर बारातला एकच राहतो, बाकी अकरा बांधाबांध करून बाहेर जातात. ॲकरही तीनाचे बारा होतात. कोअर मात्र तेवढेच असतात. मी वेग वाढवत नव्हते, टपालखर्च वाढवत होते.

त्यामुळे माझा नियम: एका टोपॉलॉजीचा एका मशीनवर एकच वर्कर, आणि समांतरता वाढवायची तर एक्झिक्युटर वाढवून. दोन कारणांसाठी मी हा नियम मोडते. हीप इतका मोठा झाला की गार्बेज कलेक्शनला (नको असलेली मेमरी मोकळी करायला) वर्कर बराच वेळ थांबायला लागला, किंवा एखादी लायब्ररी एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड नीट सांभाळत नाही. जमेल तिथे शफलऐवजी लोकल-ऑर-शफल ग्रुपिंग वापरा. पुढच्या बोल्टचा टास्क त्याच वर्करमध्ये असेल तर संदेश तिथेच जातो.

४. निंबस कसा बसवतो ते समजून घ्या

मूळ शेड्युलर समान वाटपाचा आहे. तो रिकाम्या स्लॉटची यादी करताना एका मशीनचे सगळे पाट सलग धरत नाही. आधी प्रत्येक ओळीतला पहिला पाट, मग प्रत्येक ओळीतला दुसरा, अशी आलटून पालटून लावतो. तीन वर्कर मागितले आणि तिन्ही मशीन रिकाम्या असल्या तर प्रत्येकीवर एक बसतो. चार मागितले तर कुठल्यातरी एका मशीनवर दोन येतात. वर्करचा आकडा मशीनच्या पटीत ठेवायचा तो यासाठी.

पाट ठरले की तो त्यांवर एक्झिक्युटर वाटायला घेतो. ते क्रमानं लावलेले असतात, एका घटकाचे सगळे सलग. वाढपी जसा एकेका पानावर एकेक पोळी टाकत पुढे जातो आणि ओळ संपली की परत पहिल्या पानाशी येतो, तसे ते वर्करमध्ये पडतात. मार्गजुळवणीचे १२ तीन वर्करमध्ये चार-चार. पण पाच वर्कर केले तर कुणाला तीन, कुणाला दोन, आणि ज्याला तीन मिळाले तो वर्कर कायम धापा टाकतो. एक्झिक्युटरचे आकडेही वर्करच्या पटीत ठेवा.

हा वाढपी कुणाची भूक बघत नाही. जड बोल्टचा एक्झिक्युटर आणि हलक्या बोल्टचा एक्झिक्युटर त्याच्या लेखी सारखेच. शेजारच्या पाटावर दुसऱ्या टोपॉलॉजीचा सीपीयू खाणारा वर्कर बसलाय हेही त्याला दिसत नाही. त्याला दिसतात ते रिकामे पाट.

सापळा: मागितलेले वर्कर ही मागणी असते. सहा मागितले आणि चारच स्लॉट रिकामे असले तर स्टॉर्म चारांवर गुपचूप चालवतो. एकही रिकामा नसेल तर टोपॉलॉजी यूआयवर 'ॲक्टिव्ह' दिसते आणि वर्करच्या रकान्यात शून्य असतं. तेवढा शब्द बघून लोक घरी जातात.

५. सबमिट केल्यावर पडताळा

टोपॉलॉजीच्या पानावर वर्कर, एक्झिक्युटर आणि टास्क हे तीन आकडे कागदावरच्या आकड्यांशी जुळवा. मग जड बोल्टच्या पानावर जा. तिथे प्रत्येक एक्झिक्युटरपुढे होस्ट आणि पोर्ट असतो, म्हणजे कोण कुठल्या पाटावर बसलं ते. त्याच तक्त्यात 'कपॅसिटी' बघा: गेल्या दहा मिनिटांतला किती वेळ तो एक्झिक्युटर खरंच राबत होता त्याचा अंश. ०.२ म्हणजे निवांत. १ च्या आसपास म्हणजे तो अडलाय आणि त्याच बोल्टचे एक्झिक्युटर वाढवायचे आहेत, सगळ्या टोपॉलॉजीचे नव्हे. सगळ्यांची कपॅसिटी कमी आणि तरीही काफ्कात मागे साठतंय, असं असेल तर अडचण स्पाउटच्या बाजूला शोधा.

मशीनवर जाऊन 'जेपीएस' चालवलंत तर प्रत्येक वर्करमागे 'लॉगरायटर' नावाची आणखी एक प्रोसेस दिसेल. ती वर्करचं आउटपुट लॉगमध्ये लिहिते. दुप्पट वर्कर सुरू झाले म्हणून घाबरू नका. (मी एकदा घाबरून मारली होती.) वर्करचे लॉग 'वर्कर्स-आर्टिफॅक्ट्स' फोल्डरमध्ये, आधी टोपॉलॉजीच्या आणि त्यात पोर्टच्या नावानं असतात.

वर्कर उठलेत, पण संदेश हलत नाहीत आणि लॉगमध्ये पुन्हा पुन्हा कनेक्ट होण्याच्या ओळी? नव्वद टक्के वेळा मला याचं मूळ दोनच ठिकाणी सापडलं: मधली फायरवॉल, किंवा एका नोडला दुसऱ्याचं होस्टनेम न कळणं. होस्टनेमची भानगड असेल तर त्या नोडवर 'स्टॉर्म.लोकल.होस्टनेम' स्वतः लिहून द्या.

६. नवीन मशीन जोडलं? रीबॅलन्स तुम्हालाच करायचा आहे

चौथं मशीन जोडलं, सुपरवायझर सुरू केला, यूआयवर स्लॉट १६ झाले. आणि ते मशीन तसंच रिकामं बसून राहिलं. मी रात्री अकरापर्यंत आलेख बघत बसले होते की आता लोड सरकेल, मग सरकेल.

सरकत नाही. जेवायला बसलेल्या माणसाला निंबस मधेच उठवत नाही. टोपॉलॉजीला मागितलेले वर्कर आधीच मिळाले असतील तर तिच्या दृष्टीनं सगळं आलबेल आहे. अपवाद एकच: मागणीपेक्षा कमी मिळाले असतील तर नवे स्लॉट दिसताच ती हात पुढे करते.

आज्ञा 'स्टॉर्म रीबॅलन्स', पुढे टोपॉलॉजीचं नाव. त्यात 'डब्ल्यू'नं थांबायचे सेकंद, 'एन'नं नवे वर्कर आणि 'ई'नं एखाद्या घटकाचे नवे एक्झिक्युटर देता येतात. आधी स्पाउट थांबवले जातात, वाटेतले संदेश संपायला वेळ दिला जातो (सांगितला नाही तर संदेशाच्या टाइमआउटइतका, म्हणजे मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद), मग सगळे उठून नव्यानं बसतात. घाईनं शून्य सेकंद देऊ नका; अर्धवट राहिलेले संदेश टाइमआउट होऊन परत वाचले जातील आणि तुमचा नोंद बोल्ट दुबार नोंदी करेल. तीनावरून चार मशीन होताना पटी पुन्हा तपासा: स्पाउटचे ६ आता चार वर्करमध्ये सारखे बसत नाहीत.

७. भूक बघून वाढायचं असेल तर

एकाच क्लस्टरवर अनेक टोपॉलॉजी असतील आणि त्या एकमेकींचा सीपीयू पळवत असतील, तर दोन वाटा आहेत. आयसोलेशन शेड्युलरमध्ये अमुक टोपॉलॉजीला अमुक इतकी मशीन राखून ठेवता येतात. सोपं आहे, पण रात्री ती मशीन रिकामी असली तरी दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत.

दुसरी वाट रिसोर्स-अवेअर शेड्युलर. यात प्रत्येक मशीन आपली रॅम आणि सीपीयू जाहीर करतं (एक कोअर म्हणजे १०० गुण), आणि प्रत्येक घटक आपली गरज. काही लिहिलं नाही तर एका एक्झिक्युटरला १२८ एमबी हीप आणि १० गुण धरले जातात. वर्करचा आकडा मात्र तुम्ही देऊन उपयोग नाही, तो हिशोबातून निघतो: वर्करच्या हीपची मर्यादा ७६८ एमबी, भागिले १२८, म्हणजे एका वर्करमध्ये सहा एक्झिक्युटर. याचा कल पसरवण्याकडे नसतो. एकमेकांशी बोलणारे घटक तो जवळ जवळ बसवतो, त्यामुळे एक मशीन भरलेलं आणि दुसरं मोकळं दिसलं तर बिघाड समजू नका.

दोन गोष्टींची तयारी ठेवा. जागा पुरत नसेल तर इथे चारावर भागवणं नाही. टोपॉलॉजी बसतच नाही आणि यूआयवर संसाधनं अपुरी असल्याचा संदेश येतो. आणि तुम्ही लिहिलेले सीपीयूचे गुण हा नुसता शब्द असतो. वेगळं आयसोलेशन चालू केलं नसेल तर १० गुण सांगून आख्खा कोअर खाणाऱ्या बोल्टला कुणी अडवत नाही. आकडे आठवडाभर मोजून मगच लिहा.

८. एक मशीन मुद्दाम बंद करून बघा

चाचणीच्या क्लस्टरवर, कामाच्या दिवशी, सकाळी. आधी एक वर्कर मारा: सुपरवायझर तो त्याच पाटावर पुन्हा उठवेल. मग निंबस बंद करा: चालू वर्कर चालूच राहतील, पण या काळात काही पडलं तर दुसऱ्या मशीनवर हलवणारा कुणी नसेल. १.० आवृत्तीपासून 'निंबस.सीड्स'मध्ये एकापेक्षा जास्त निंबस देता येतात, ते द्याच.

शेवटी एक आख्खं मशीन बंद करा. निंबस दर १० सेकंदांनी तपासतो, टास्ककडून ३० सेकंद आणि सुपरवायझरकडून ६० सेकंद खबर आली नाही की त्यांना गेलेले धरतो आणि वर्कर दुसऱ्या मशीनच्या रिकाम्या पाटावर बसवतो. रिकामा पाट असेल तर. माझ्या बारा वर्करच्या काळात बाराही पाट भरलेले होते. एक मशीन गेलं असतं तर उरलेल्या आठांवर सगळं काम आलं असतं, तेही रॅम आधीच ताणलेली असताना. म्हणून किमान एका मशीनइतके स्लॉट, आणि तेवढी रॅमसुद्धा, मोकळी ठेवा.

मशीन परत सुरू केलंत की यूआय पुन्हा उघडा. एका मशीनवर दोन वर्कर आणि परत आलेलं मशीन रिकामं, असं चित्र दिसेल. पायरी ६ मधला रीबॅलन्स आत्ताच चालवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.